‘हे तूच केलंस कशावरून?’

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी शहरात खोली घेऊन उपयोजित कलेचं शिक्षण घेते आहे. बीएफएचं तिसरं वर्ष. पॅकेजिंगच्या विषयात वर्गाला मसाल्यातल्या एका पदार्थाचं पाकीट करायचं होतं. तिनं हळद घेतली. चित्र आधी कागदावर पेन्सिलनं काढलं, मोबाइलनं फोटो घेऊन लॅपटॉपवर टाकलं आणि फोटोशॉपमध्ये माउसनं रंगवलं. सबमिशनच्या दिवशी सरांनी काम दोनदा पाहिलं आणि वर्गासमोर विचारलं, “हे तूच केलंस कशावरून? एआयनं काढल्यासारखं वाटतंय.” तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. डिस्क भरली म्हणून लेयर (चित्राचे सुटे थर) असलेली फाइल तिनं उडवली होती आणि पेन्सिलचा कागद खोली बदलताना कुठेतरी गेला होता. सरांनी मार्क रोखून ठेवले आहेत आणि तीन आठवड्यांत पुन्हा सबमिशन द्यायला सांगितलं आहे. ज्यांच्याकडे आयपॅड आहे त्या मुलांनी चित्र कसं होत गेलं याचा व्हिडिओ दाखवला आणि त्यांचं निभावलं. आता दुकान चालवणारे पप्पा सोसायटीतून कर्ज काढून आयपॅड घ्यायला निघालेत. आई म्हणते, प्राचार्यांकडे तक्रार कर. मामा म्हणतो, “डिग्री कशाला हवी? माझ्या फ्लेक्सच्या दुकानात बस.” तिचे प्रश्न असे: तक्रार करू का? आयपॅड घेऊ का? आणि यापुढे कामात मुद्दाम थोडा कच्चेपणा ठेवू का, म्हणजे हातानं केलंय असं वाटेल? पत्रासोबत तिनं पाकिटाचं जेपीजी पाठवलं आहे.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, आणि तो तुझ्या बाजूनं आला. भर वर्गात असं विचारायला नको होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे मी तुलाही काही अवघड प्रश्न विचारणार आहे आणि तेव्हा ‘ताई सरांच्या बाजूनं बोलतेय’ असं तुला वाटायला नको. एखादं चित्र यंत्रानं काढलंय की माणसानं, हे नुसतं बघून छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. ‘आम्ही ओळखून देतो’ म्हणणारी साधनंही भरवशाची नाहीत. हातानं काढलेल्या चित्रावर ती खुशाल यंत्राचा शिक्का मारतात. त्यामुळे निव्वळ संशयावरून मार्क कापले असते तर तो सरळ अन्याय झाला असता.

पण मार्क कापलेले नाहीत, रोखलेत. पुन्हा काम द्यायला मुदत मिळाली आहे. तुझ्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत उरकते आणि पुढची दोन पानं तू ‘माझ्यावर चोरीचा आळ आला’ असं धरून लिहितेस. ‘कशावरून?’ हा प्रश्न अपमानाचा वाटला हे मी समजू शकते. तरी उद्या तू धंद्यात उतरलीस की हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी कानावर येणार आहे. हा रंग कशावरून? अक्षर एवढं मोठं कशावरून? पैसे देणारा माणूस विचारतोच. तिथे ‘मी रात्र रात्र जागले’ हे उत्तर चालत नाही, आणि पत्रात तू सरांना दिलेलं उत्तर नेमकं तेच आहे.

तुझं जेपीजी मी मोठं करून कोपऱ्याकोपऱ्यानं पाहिलं. मागे काळा रंग. मधोमध चकचकीत पाऊच, त्याच्या पाठीमागून सोनेरी उजेड. भोवती हवेत उधळलेली पूड, खाली दालचिनी आणि चक्रीफूल. पाऊचवर डोक्यावर पदर घेतलेली शेतकरी बाई, तिच्यामागे उगवता सूर्य, हातात हिरवी पानं. रंगकाम सफाईचं आहे यात शंका नाही. माउसनं पदराच्या चुण्या अशा उतरवणं येरागबाळ्याचं काम नव्हे.

आता मला सांग, यातलं काय असं आहे जे सांगलीकडच्या मुलीशिवाय दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं?

हळदीच्या पाकिटाशेजारी चक्रीफूल कशाला आलं? ते डाउनलोड केलेल्या मॉकअपमध्ये, म्हणजे आपलं डिझाइन बसवायच्या तयार चित्रात, होतं म्हणून आलं. बाईच्या हातातली पानं लहान आणि गोलसर आहेत, तुळशीची म्हटली तरी चालतील. हळदीचं पान तुला माहीत नसेल हे मी मानायला तयार नाही. हातभर लांब, रुंद, कर्दळीच्या वळणाचं. कोकणात आणि गोव्यात त्यात पातोळ्या वाफवतात तेव्हा स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो एकदा घेतलेला माणूस ते पान विसरत नाही. तुमच्याकडे तर शेतंच्या शेतं आहेत.

आणि गंमत अशी की हे सगळं तू पत्रात लिहिलं आहेस, अगदी सहज, जाता जाता. हळद शिजवायच्या दिवसांत आजी अंगणात कुणाला चपला घालून फिरकू देत नाही. वाळलेली हळकुंडं पिंपात घालून पॉलिशला फिरवली की घरभर पिवळी धूळ बसते आणि तुझ्या शाळेच्या वह्यांच्या कडासुद्धा पिवळ्या व्हायच्या. आजोबांची हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत, असायची, २००५ च्या पुरानंतर ते बंद झालं. वह्यांच्या पिवळ्या कडा! हे वाचून मी थांबलेच. तुझ्या पत्रातली हळद पाकिटावर आलेलीच नाही. पाकिटावर आहे ती कुणाचीही हळद.

काम फार सफाईदार झालं म्हणून सरांना संशय आला, असं तू धरून चालली आहेस. मुद्दाम कच्चेपणा ठेवू का, हा प्रश्न त्यातूनच आला. मला तसं वाटत नाही. ते काम कुणाचंही असू शकलं असतं, म्हणून संशय आला. सुरुवातीला तू पिंटरेस्टवर ‘टर्मरिक पॅकेजिंग’ शोधलंस आणि आवडलेली चित्रं साठवलीस, हे तूच सांगतेस. चित्रं काढणारी यंत्रंही तसल्याच ढिगावर शिकतात. दोघांनी एकच ढीग उपसला तर वर निघणारं सारखं दिसणारच. मग एकानं मेहनत केली आणि दुसऱ्यानं केली नाही हे बघणाऱ्याला कळायचं कसं? तुझी मेहनत खरी आहे. पण ती सगळी चुण्या रंगवण्यात खर्ची पडली, आणि काय काढायचं हे ठरवायचं काम पिंटरेस्टनं केलं. तेव्हा कच्चेपणाचा विचार सोडून दे. ब्रशचे ओघळ आणि खरखरीत कागद यंत्रालाही मागितले की मिळतात. वाकडी रेघ म्हणजे प्रामाणिक रेघ, असं काही नसतं.

आता एक बारीक गोष्ट. माझा अंदाज आहे की ठिणगी तिथेच पडली. पाकिटाची मागची बाजू पुन्हा उघडून बघ. ‘किंमत’मधली वेलांटी क च्या आधी यायची ती मागे गेली आहे. ‘शुद्ध’मध्ये द चा पाय मोडलेला दिसतो आणि ध सुटा उभा आहे. देवनागरीची अशी मोडतोड चित्रं काढणारी यंत्रंही करतात, मात्रा भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली. सरांनी मोडकी अक्षरं पाहिली आणि निष्कर्ष काढला, असं झालं असण्याचा बराच संभव आहे. प्रत्यक्षात दोष यंत्राचाही नाही आणि तुझाही अर्धाच. फोटोशॉपला देवनागरी नीट जोडायची तर तसं सांगावं लागतं. एडिट, प्रेफरन्सेस, टाइप असं आत जा. जुन्या आवृत्त्यांत तिथे ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडून फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावं लागतं. नव्या आवृत्त्यांत पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ आहे. (तुझ्याकडचं फोटोशॉप कुठून आलं, हे मी विचारत नाही.) इलस्ट्रेटरमध्ये त्याच टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ला खूण करायची आणि पॅराग्राफमध्ये साउथ एशियन कंपोझर घ्यायचा. इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ही भानगडच नाही, मजकूर टाकला की जोडाक्षरं आपोआप नीट बसतात.

मात्र अर्धा दोष तुझाही आहे. तो असा की तू मागची बाजू वाचलीच नाहीस. मोडलेला ‘शुद्ध’ डोळ्यांसमोर असून दिसला नाही, कारण तो मजकूर तुझ्या लेखी जागा भरायला होता. त्याखाली तर चक्क लॉरेम इप्सम आहे, नमुन्यापुरता टाकतात तो लॅटिन मजकूर. सांगलीच्या हळदीच्या पाकिटावर लॅटिन!

तुमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या फायलींत हेच असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पप्पांच्या दुकानातून हळदीचं कुठलंही पाकीट उचल आणि मागची बाजू वाच. निव्वळ वजन, एमआरपी, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, उत्पादकाचं नाव-पत्ता, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. तो मोडका ‘किंमत’ शब्द सोडला तर यातलं एकही तुझ्या पाकिटावर नाही आणि आता घालायचं म्हटलं तर जागाही नाही. त्यातही बॅच आणि तारीख आधी छापता येत नाही. माल भरल्यावर वेगळा शिक्का मारतात, बहुतेक वेळा काळ्या शाईचा. तुझं पाऊच मागूनही काळं आहे. शिक्का मारायचा कुठे? असा एक प्रश्न अडला की त्यातून रचना बदलते, आणि बदललेली रचना पिंटरेस्टवर सापडत नाही. आणखी एक सांगून ठेवते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आहे, त्याचा उल्लेख करायचा मोह तुला होईल. पण ते जीआयचं चिन्ह वाटेल त्यानं छापायचं नसतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते.

तेव्हा पुन्हा सबमिशन करताना तेच चित्र पुन्हा रंगवून नेऊ नकोस. ते सगळ्यात सोपं वाटेल, पण त्यानं एवढंच सिद्ध होईल की तू तेच चित्र दुसऱ्यांदा काढू शकतेस. विषय हळदच ठेव आणि काम नव्यानं सुरू कर. पहिला आठवडा या कामासाठी लॅपटॉप उघडूच नकोस.

गावी जा. हळद विकणारा एखादा महिला बचत गट गावात किंवा शेजारी सापडेल. त्यांना पाकीट करून देते म्हणू नकोस, उगाच आशा लावल्यासारखं होईल. नुसतं विचार: पाकीट कुठून आणता, कसं भरता, कुठे विकता, परत काय आलं? तुला कळेल की छोटे उत्पादक छापील पाऊचच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर करावा लागतो आणि ऑर्डरही मोठी द्यावी लागते. ते कोरं तयार पाऊच आणतात आणि वर स्टिकर चिकटवतात. म्हणजे तुझं खरं काम तळहाताएवढा एक स्टिकर आहे, फार तर दोन रंगांचा. शंभर ग्रॅमच्या पाऊचवर तो साधारण दहा बाय पंधरा सेंटीमीटरच्या आत बसवायचा. सोनेरी उजेड, उडती पूड, सगळं आपोआप गळून पडेल. त्यावर तू चिडशील. चिडून झालं की कामाला लाग.

बघायला तुझ्याकडे भरपूर आहे. जेठा गड्डा, बगल गड्डा आणि हळकुंड या हळदीच्या कंदाच्या भागांचे आकार वेगळे असतात हे शहरातल्या गिऱ्हाइकानं कधी पाहिलेलं नसतं. हळकुंड मोडल्यावर आतला रंग कसा दिसतो, वरची साल पॉलिशनंतर कशी होते, ते कागदावर काढ. वाईट आलं तरी ठेव. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाल आणि मोबाइलनं फोटो काढून ठेव. पिवळ्या झालेल्या वहीच्या कडा सापडल्या तर त्यांचाही फोटो काढ. सगळा स्टिकर पांढरा आणि फक्त कड पिवळी, असंही काही निघू शकेल. हे मी सुचवते आहे म्हणून करू नकोस, तुझं वेगळं निघेल ते बघ.

नावासाठी फॉन्ट शोधत बसण्याआधी ‘हळद’ हा शब्द हातानं लिहून बघ. बोरूनं, चपट्या ब्रशनं, आइस्क्रीमच्या काडीनं, काहीही चालेल. ह ची शेपटी खाली लोंबते, मधे ळ च्या दोन गाठी, शेवटी द पुन्हा खाली उतरतो. दोन लोंबत्या अक्षरांमध्ये गाठींचं अक्षर, ही रचना हळकुंडाच्या इतकी जवळ जाते की मला तर लिहिता लिहिताच हात शिवशिवायला लागला. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकाच्या नावातूनच त्याचा बाज उभा केला, तो असाच एकेका अक्षराशी झटून. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी कवितेतलं आणि भिंतीवरचं अक्षर जितक्या मनापासून हाताळलं तितक्याच मनापासून संगणकासाठी मंगल फॉन्ट केला. विंडोजवर बरीच वर्षं मराठी वाचणाऱ्यांनी तो पाहिला आहे. ही परंपरा तुझ्याच शाखेची आहे आणि देवनागरीत अजून करण्यासारखं फार काम पडून आहे. मागच्या बाजूच्या बारीक मजकुराला मात्र तयार फॉन्टच घे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता मुक्त परवान्यात मिळतो आणि लहान आकारातही वाचता येतो. टायरो देवनागरी मराठी घेतलास तर मराठी वळणाचे ल आणि श थेट येतात. इतर काही फॉन्टांत ते दडलेले असतात, भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत.

आता आयपॅड. तुझं म्हणणं असं की त्यावरचं प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं ॲप आपोआप व्हिडिओ ठेवतं, तो पुरावा होतो, आणि तो पुरावा फक्त पैसेवाल्यांना परवडतो. पहिली दोन वाक्यं बरोबर, तिसरं नाही. क्रिटा नावाचं फुकट सॉफ्टवेअर तुझ्या आहे त्या लॅपटॉपवर चालेल. त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून सेटिंग्ज, डॉकर्समध्ये ‘रेकॉर्डर’ आहे. तो ठरावीक अंतरानं चित्राची प्रत साठवत जातो आणि शेवटी त्यांचा व्हिडिओ करता येतो. डिस्क भरू नये म्हणून त्याचं रिझोल्यूशन कमी ठेव.

लॅपटॉप अडकतो ही तक्रारही मला पूर्ण पटली नाही. तू ए थ्री आकाराची, ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाइल उघडली होतीस. म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, वर पन्नासेक लेयर. कुठलाही साधा लॅपटॉप धापा टाकेल. दहा बाय पंधरा सेंटीमीटरचा स्टिकर त्याच ३०० डीपीआयला ११८१ बाय १७७२ पिक्सेलमध्ये मावतो, जवळजवळ आठपट हलका. अक्षरं आणि चिन्ह इंकस्केपमध्ये केलंस तर तेवढंही ओझं नाही, आणि मामाच्या दुकानाच्या पाटीएवढं मोठं केलं तरी फाटत नाही. माउसनं हात अवघडत असेल तर स्क्रीन नसलेला साधा पेन टॅबलेट काही हजारांत येतो, दोघी मैत्रिणींत मिळून घेतलात तरी चालेल. लेयरची फाइल यापुढे उडवायची नाही. गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळते. दर टप्प्याला फाइल नव्या नावानं, शेवटी आकडा वाढवत, तिथे टाकायची.

पण खरं सांगू? व्हिडिओवाल्या मुलांचं निभावलं, एवढंच झालं. हात कसा फिरला ते व्हिडिओत दिसतं. पिवळा कमी का केला, बाई का काढून टाकली, शिक्क्याला जागा कशी सोडली, हे त्यात दिसत नाही. ते तुझ्या वहीत दिसेल. नापास केलेले दहा स्केच आणि प्रत्येकाखाली एका ओळीत ‘हे का नको’, एवढं असलं तरी पुरे. यंत्राकडून एखादी कल्पना घेतलीस किंवा संदर्भाला चित्र मागवलंस तर तेही त्या वहीत लिही, काय मागितलं आणि त्यातलं काय टाकून दिलं ते. विषयाच्या नियमात ते बसतं का, हे मात्र सरांना आधी विचार. लपवलेलं पुढे फार महाग पडतं. मॉकअपही लिहून ठेव. किंवा मॉकअप वापरूच नकोस. मामाकडे स्टिकर छापून घे, कोऱ्या पाऊचवर चिकटव, आत हळद भर, पप्पांच्या दुकानातल्या फळीवर इतर पाकिटांच्या रांगेत ठेव आणि चार फुटांवरून फोटो काढ. नाव वाचता येतंय का ते तिथेच कळेल.

मामाच्या दुकानाचं नाव निघालंच आहे तर त्याच्याबद्दल. तू लिहितेस, ‘फ्लेक्स करणारी व्हायला मी इथे आले का?’ हा तोरा तुमच्या कॉलेजांत फार लवकर चढतो. त्या दुकानात कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसलेला मुलगा वाढदिवसाचा बॅनर किती वेळात उठवतो ते एकदा घड्याळ लावून बघ. डिग्री सोडून तिथे बसू नकोस, ते मामालाही मनातून नको असेल. पण दुसऱ्या आठवड्यातले तीन-चार दिवस तिथे काढ. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी छापून मळकट कसा येतो आणि पिवळ्या शाईत थोडा मजेंटा मिसळला की हळदीचा रंग किती छान उतरतो, हे कुठल्याही वर्गात तितकं पक्कं कळत नाही. तिथे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे, जुने श्रीलिपीचे फॉन्ट असतील, तुझा युनिकोड मजकूर त्यांच्या यंत्रावर भलताच दिसेल. म्हणून फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून, दे आणि कडेला तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, सोड. त्याआधी मूळ फाइल बाजूला ठेव, कारण कर्व्ह केल्यावर मजकुरातली चूक सुधारता येत नाही.

तक्रारीचं म्हणशील तर प्राचार्यांची पायरी चढायचा हक्क तुला आहे, फक्त ती पहिली पायरी नको. आधी सरांना एकटं भेट, मधल्या सुट्टीत घाईघाईनं नाही, वेळ मागून. आईला सोबत नेऊ नकोस. साधारण असं बोल: “सर, मागचं काम मीच केलं होतं. पुरावा ठेवला नाही, ती चूक झाली. या वेळी टप्प्याटप्प्यानं दाखवते. तरी शंका राहिली तर मला समोर बसवा, कोरा कागद द्या, काढून दाखवते.” हे शेवटचं वाक्य नक्की बोल. चोरलेलं काम घेऊन आलेलं कुणी आपणहून कोरा कागद मागत नाही. वर्गासमोर विचारल्यानं वाईट वाटलं, हेही शांतपणे सांगून टाक; ते मनात ठेवून वर्षभर त्यांच्या तासाला बसणं तुलाच जड जाईल. झालेलं बोलणं त्याच दिवशी दोन ओळींत ईमेलनं किंवा अर्जानं लेखी करून ठेव. एवढं करूनही त्यांनी बघायला नकार दिला किंवा कारण न देता मार्क कापले, तर तो अर्ज घेऊन आईसह प्राचार्यांकडे जा. तेव्हा तुझी बाजू पक्की असेल.

हे सदर वाचणाऱ्या कला शिक्षकांनाही एक विनंती. सबमिशन एकदम शेवटच्या दिवशी मागण्याऐवजी कच्चे स्केच, मधली फाइल आणि शेवटचं काम असं तीनदा मागितलंत, आणि पहिल्या दोहोंना थोडे मार्क ठेवलेत, तर ‘कशावरून?’ हा प्रश्न वर्गासमोर विचारायची वेळच येणार नाही. तुमचं तपासायचं काम वाढेल हे मान्य. पण संशय घेऊन मुलांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं जाईल.

राहिले पप्पा. पोरीचा वर्गात अपमान झाला म्हणून त्यांनी कर्जाचं मनावर घेतलं आहे, हे तुझ्या लिहिण्यातून स्पष्ट दिसतं. त्यांना फोनवर ‘नको’ म्हणालीस तर पैशांसाठी नको म्हणतेय असं वाटून ते आणखी हट्टाला पेटतील. गावी जाशील तेव्हा क्रिटा उघडून त्यांच्यासमोर एक हळकुंड काढ, रेकॉर्डरनं केलेला व्हिडिओ त्यांना मोबाइलवर दाखव आणि म्हण, आयपॅड जे करतो ते हे करतंय. शेवटच्या वर्षी खरंच गरज पडली तर तेव्हा बोलू. सोसायटीच्या फॉर्मवर सही व्हायच्या आत मात्र जा. तोवर त्यांच्याच फळीवरच्या हळदीच्या पाकिटांचे, पुढून-मागून, फोटो काढून पाठवायचं काम त्यांना आजच लावून दे.